विमानतळाला वळसा

रविवार, पहाट. मानसरोवर स्टेशनसमोर चहावाला स्टोव्ह पेटवतोय आणि आम्ही चौघं चाकांतली हवा तपासतोय. कामोठे, पनवेल, शिरढोण, जासई, उलवे, बेलापूर, पुन्हा कामोठे. पन्नास-साठ किलोमीटरचं रिंगण, मधोमध नवा विमानतळ.

खांदेश्वरावरून आम्ही पनवेलमध्ये शिरतो. गाव जागं व्हायच्या आत ते मागेही पडतं. पळस्प्याला एक पांढरा घोडा दिसतो, रात्रीच्या वरातीतून परतणारा. झूल तशीच, वर बसलेला पोरगा पेंगतोय. शेजारून कंटेनरचा ट्रेलर भोंगा मारत जातो. घोडा कानही हलवत नाही. मी मात्र सायकलसकट रस्त्याखाली.

गोवा महामार्गाला लागलं की समोर कर्नाळ्याचा सुळका, आभाळाला दाखवलेल्या अंगठ्यासारखा. शिरढोण त्याच्या अलीकडे. वासुदेव बळवंत फडके या गावचे, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली किल्ला इंग्रजांनी घेतला आणि नातू पुण्यात त्यांच्याच लष्करी हिशेबखात्यात कारकून झाला. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. शेवटची भेट हुकली. वाड्यासमोर उभं राहून मी हे सांगतो तेव्हा आमच्यातला बँकवाला पहिल्यांदाच मोबाइल खिशात टाकतो. १८७९ चं बंड, एडनचा तुरुंग, १७ फेब्रुवारी १८८३ चा तिथलाच मृत्यू हे त्याला शाळेपासून पाठ आहे. रजेचं ठाऊक नव्हतं.

पळस्प्याला मागे येऊन आम्ही बंदराच्या रस्त्याला लागतो. हा टप्पा वाईटच. धूळ, ट्रेलर, पुन्हा ट्रेलर. उजवीकडे विमानतळ, त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीची वाट वळवली, दहा गावं उठली. गव्हाण फाट्यापुढे जासई. विमानतळाला ज्यांचं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये इथल्या लोकांनी मानवी साखळी केली, ते दि. बा. पाटील या गावचे. त्यांच्या पुढारपणाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. कामोठ्यातल्या कितीतरी इमारती त्याच भूखंडांवर उभ्या आहेत. आम्ही घर घेताना कागदावर ‘साडेबारा टक्के’ वाचतो आणि पुढच्या पानावर सही करतो.

टपरीवरचे आजोबा सायकलींकडे बघत विचारतात, “कुठशी आयलास?”

“कामोठ्यावरून.”

“साडेबाराची बिल्डिंग?”

बँकवाला मान डोलावतो.

“भाव काय चाललाय आता तिकडं?”

तो आकडा सांगतो. आजोबा पुन्हा सांगायला लावतात, मग आत वळून ओरडतात, “यांना चा दे रे, पैसे घे पन!”