उरलेले दूध आणि वाळूवरची भट्टी

सकाळच्या गाडीच्या लगेजच्या डब्यात दुधाच्या किटल्या चढताना तुम्ही कल्याण स्टेशनात पाहिल्या असतील. ज्या दिवशी पावसाने गाडी अडते, त्या दिवशी तेच दूध घरी परत येते. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि चहाची दुकाने बंद पडली, दुधाचा खप घटला, तेव्हा राज्य सरकारने रोज १० लाख लिटरपर्यंत जादा दूध घेऊन त्याची भुकटी करायचे ठरवले. पण मुरबाड-शहापूरकडे जिच्या दारी एक-दोन म्हशी आहेत, त्या बाईने भुकटी कुठे करावी? पावसाळ्यात म्हशी वितात, दिवाळीच्या सुमारास दूध वाढते, आणि एखाद्या संध्याकाळी दोन-तीन लिटर उरतेच.

दही लावा, तूप कढवा, हे भगिनींनो, तुम्हाला कोणी शिकवायला नको. आज सांगायचे आहे ते भाजून करायच्या खाऊविषयी. भट्टी नाही म्हणून अडू नका. कोकणात तवशाचे धोंडस खाली विस्तव नि झाकणावर निखारे ठेवूनच भाजतात, ती काय भट्टी नव्हे? चुलीपाशी तसे करा. डोंबिवलीच्या चाळीत गॅस असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे धुतलेली, वाळवलेली रेती पसरा, झाकण ठेवून दहा मिनिटे तापवा. वर लोखंडी कडे ठेवा आणि त्यावर खाऊचा डबा. डब्याचे बूड रेतीला टेकता कामा नये, नाहीतर खालून करपेल आणि आत कच्चे राहील.

पहिला खाऊ रव्याचा केक. उरलेले दूध त्याच संध्याकाळी उकळून विरजण लावा. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी साय, चिमूटभर मीठ आणि वेलची एकत्र करून तासभर झाकून ठेवा. रवा फुगून पीठ घट्ट झाले तर थोडे दूध घाला. अर्धा चमचा खाण्याचा सोडा मात्र अगदी शेवटी, डबा तयार ठेवून मगच. मंद आचेवर पाऊण तास लागतो. काडी खुपसून कोरडी निघाली की झाले.

सोडा शेवटी का? शिक्षकबंधूंनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. पेलाभर आंबट ताकात चिमूटभर सोडा टाका, ताक फसफसून वर येते. दह्यातले आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, आचेने फुगतात आणि तेवढ्यात रवा शिजून घट्ट होतो. सोडा घालून गप्पा मारत बसलात तर वायू उडून जातो. जास्त घातलात तर केक पिवळट होऊन साबणासारखा लागतो.

उकळताना दूध फाटले तर तेही वाया नाही. ओडिशात छेना, साखर आणि थोडा रवा कालवून, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजतात. त्याला छेनापोड म्हणतात. आपल्याकडे केळीचे पान चालेल. निवळी पोळ्यांची कणीक भिजवायला घ्या. तूप कढवल्यावर राहिलेली बेरी गूळ-कणकेत मळून त्याची बिस्किटेही रेतीवर होतात, पण तिच्यावर मुलांचा डोळा असतो, उरली तर बघा.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात धरा. ताजे दूध उकळताना फाटणे वेगळे आणि दिवसभर उन्हात राहून नासणे वेगळे. कडू चव, कुबट वास, तार सुटणे यांतले काहीही दिसले की ते दूध उकिरड्यावर टाका. भाजले की सगळे शुद्ध होते असे समजू नका. काही जंतूंनी दुधात सोडलेले विष आचेनेही जात नाही. चार रुपयांचे दूध वाचवण्यासाठी घर आजारी पाडणे हा कसला काटकसरीपणा?

केक हिवाळ्यात दोन दिवस टिकतो, श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत एकच दिवस. रेती एकदा तापली की लागोपाठ दोन डबे भाजून घ्या आणि एक शेजारी पाठवा.