क्रियापदाचे शेपूट

प्रथम वर्षाच्या तोंडी परीक्षेत सरांनी मला विचारले, ‘डू यू ऑफन ईट आउट?’ मी मान ताठ करून ‘येस सर’ म्हणाले आणि जोडीला सांगितले की, उन्हाळ्यात आम्ही सारे अंगणातच जेवतो. सर हसले. बाहेर आल्यावर मैत्रिणीने खुलासा केला : ‘ईट आउट’ म्हणजे हॉटेलात जेवणे! आमच्या घरी जेवायला म्हणून कोणी हॉटेलात जातच नाही. मग त्याचे क्रियापद मला कोठून ठाऊक असणार?

इंग्रजीत साध्या क्रियापदाला अप, डाउन, आउट, ऑफ असे शेपूट लागते आणि अर्थ पालटतो. यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव रूढ झाले लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. पण दुखणे जुने आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीयांना सर्वांत जड जाते ते हेच, अशी कबुली दिली आहे. ते वाचून मला फार धीर आला.

याद्या पाठ करून मात्र काही साधले नाही. उमज पडली ती आईशेजारी चुलीपाशी बसले असताना. आई ‘खा’ म्हणते आणि ‘खाऊन टाक’ म्हणते, यांत फरक आहे. दुसऱ्यात ताट रिकामे झालेच पाहिजे. तेच ‘ईट अप’! दूध उतू जाते, ते ‘बॉइल ओव्हर’. कालची आमटी ‘उतरली’ असे आपण म्हणतो. कोठून उतरली, असे कोणी विचारीत नाही. इंग्रजही अशा अन्नाला ‘गो ऑफ’ म्हणतो, मग त्यालाच का विचारावे? ‘लिव्ह ऑन’ तर हुबेहूब आपलेच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजोबांनी खडी फोडताना सुकडीवर दिवस काढले. त्यातला ‘वर’ म्हणजेच ‘ऑन’.

सगळीच जोडी अशी जमत नाही. ‘पिक ॲट’ला आपल्याकडे ‘चिवडणे’ हा एकच शब्द पुरतो. ‘वुल्फ डाउन’मधला लांडगा आपल्या ‘बकाबका खाण्या’त नाही. ‘टक इन’ म्हणजे यजमानाचे ‘हं, करा सुरुवात’.

आणखी एक खोच आहे. ‘ते खाऊन टाक’ म्हणताना ‘ईट इट अप’ असे ‘इट’ मध्ये बसते. ‘ईट अप इट’ चुकीचे. पण ‘पिक ॲट’ आणि ‘लिव्ह ऑन’ फोडता येत नाहीत. तेथे ‘इट’ शेवटीच येते. माझी वही या एका नियमापायी तांबड्या शाईने भरली आहे.

पण वहीतली चूक वहीतच राहते. गेल्या दिवाळीनंतर आजोबांना रक्तदाबासाठी शहरातल्या दवाखान्यात नेले. मिळालेल्या कागदावर इंग्रजीत लिहिले होते : ‘कट डाउन ऑन सॉल्ट. कट आउट टोबॅको.’ घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. ‘कट’ म्हणजे कापणे. मीठ बंद, तंबाखू बंद, असे मी ठासून सांगितले. कॉलेजात जाणाऱ्या नातीचा शब्द! आजीने आठ दिवस अळणी रांधले. आजोबा घास चिवडीत बसत, अर्धे ताट तसेच राही, आणि ते दिवसेंदिवस गळत चालले. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा कळले की, ‘कट डाउन ऑन’ म्हणजे कमी करणे आणि ‘कट आउट’ म्हणजे साफ वर्ज्य. दोन शेपटांतला फरक मला कळला नाही, आणि उपाशी राहिले आजोबा.

त्या रात्री आजीने आमटीत चिमूटभर मीठ घातले. आजोबांनी ताट स्वच्छ केले. मग तंबाखूची पिशवी मागितली. ती मात्र आजीने दिली नाही. ‘पोरीने एवढं तरी बरोबर वाचलं होतं,’ म्हणाली.