साडेसात मिनिटं वाचवायची, पण कशासाठी?

साताऱ्याहून सांगलीला लग्नकार्याला निघालं, की पेठ नाक्यापर्यंत आपल्याला सोबत असते ती पुणे-बंगळूर महामार्गाची. रस्ता रुंद, गाडी चांगली आणि घरातून निघायला नेहमीप्रमाणं उशीर! मग तो उशीर भरून काढायचा तो रस्त्यावर.

पण भगिनींनो, जरा हिशेब करू या. सातारा ते कराड अंतर धरा 50 किलोमीटर. ताशी 80 च्या वेगानं ते साडेसदतीस मिनिटांत संपतं, ताशी 100 नं तीस मिनिटांत. वाचली किती? साडेसात मिनिटं. तेवढ्यात कांदेपोहेसुद्धा होत नाहीत! आणि त्या बदल्यात? ताशी 100 नं धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर जाते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोराला हे गणित कसं कळावं?

2022 साली आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. सरकारी नोंदीप्रमाणं त्यांतल्या शंभरातल्या एकाहत्तर मृत्यूंच्या मागे अतिवेग होता.

म्हणून आता महामार्गावर कॅमेरे आले. गंमत अशी, की असं यंत्र बनवणारे हॉलंडचे मॉरिस गॅटसोनिडेस हे स्वतः मोटारशर्यतपटू. वळणावरचा आपला वेग मोजून तो आणखी वाढवावा, हा त्यांचा मूळ हेतू! पुढं तेच यंत्र वेगाला आवर घालायला कामी आलं.

काही कॅमेरे एका जागचा वेग टिपतात. तिथं ब्रेक दाबून पुढं पुन्हा गाडी पळवणारे महाभाग असतातच. त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. दोन ठिकाणी गाडीचा नंबर टिपायचा आणि मधल्या वेळेवरून सरासरी काढायची. 20 किलोमीटर बारा मिनिटांत आलात, म्हणजे वेग 100. तिथं सबब चालत नाही.

“ही सगळी दंडवसुली!” असं घरोघरी ऐकू येतं. तसं म्हणायला जागा राहू नये, म्हणून 2021 च्या नियमांनी कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लावणं बंधनकारक केलं आहे. पाटी वाचून वेग कमी केला, तर दंड कसला? शिवाय 2010 साली देशोदेशींचे 35 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कॅमेऱ्यांच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर अपघात कमी झालेले आढळले.

आता आपल्या घरचं. गाडी तुमच्या नावावर असेल, तर चालवणारा कोणीही असो, दंडाची सूचना तुमच्याकडेच येणार. हलक्या मोटारीला कायद्यानं 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे. म्हणून गाडीच्या नोंदणीतला मोबाईल नंबर चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्या. मुलगा गाडी घेऊन गेला, तर आलेली सूचना लपवू नका आणि त्याचा दंड गुपचूप भरूनही टाकू नका.

आणि एक. गाडी चालवणाऱ्याला सारखे फोन करून “कुठवर आलात? जेवण गार होतंय!” असं म्हणू नका. कॅमेरा ठरावीक जागीच असतो. घाई मात्र बहुधा घरातूनच बरोबर निघते. डबा रात्रीच भरून ठेवा, कपडे आदल्या दिवशी काढा आणि पंधरा मिनिटं आधी निघा. जेवण काय, पुन्हा गरम करता येतं!