दोरा आणि डोरा

नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गालगत शहापूर लागतं. तिथल्या अंगणात माझी आजी दिवाळीच्या आधी गोधड्या शिवायला बसायची. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, बोटांनी पीळ द्यायचा, सुई आभाळाकडे धरायची आणि श्वास रोखायचा, हा तिचा क्रम कधी चुकला नाही. आम्ही पोरं आजूबाजूला गोंधळ घालत असलो की म्हणायची, "दोरा ओवाले डोरा एका जागी पायजे. गप ऱ्हा रे!" झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळा म्हणजे डोरा.

डोळा एका जागी राहतो, हे मला पुढे कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. प्रत्यक्षात तो कधीच राहत नाही. आपण एखाद्या टिंबाकडे एकटक बघत असलो तरी बुबुळ सावकाश सरकत असतं, अतिशय बारीक थरथरत असतं आणि सेकंदाला साधारण एक-दोनदा टुणकन उडी घेतं. ही उडी बहुतेक वेळा एका अंशापेक्षा लहान असते. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. नखाची रुंदी दीड ते दोन अंश भरते, म्हणजे उडी त्याहूनही लहान. सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात ती आटोपते. शास्त्रज्ञ तिला मायक्रोसॅकेड म्हणतात. आपण इथे सूक्ष्मझेप म्हणू.

हिचा उपयोग काय, यावर मोठा वाद झाला. १९५२-५३च्या सुमारास इंग्लंडमध्ये डिचबर्न आणि अमेरिकेत रिग्ज यांच्या गटांनी बुबुळावर बसणाऱ्या भिंगाला छोटा आरसा जोडला आणि डोळा हलेल तसं चित्रही हलेल अशी व्यवस्था केली. पडद्यावरची प्रतिमा डोळ्याच्या मानाने स्थिर झाली आणि काही क्षणांत विरून गेली! डोळ्यासमोर वस्तू असूनही माणसाला ती दिसेना. नजरेला हालचालीचा सतत धक्का लागतो, हे त्यातून कळलं. पण त्यासाठी डोळ्याचं सावकाश सरकणंही पुरेसं ठरू शकतं. मग या झेपा कशाला? १९८०मध्ये कोव्हलर आणि स्टाइनमन यांनी तर लिहून टाकलं की या लहान झेपांचा काहीच उपयोग नाही.

आपल्या भाषेला एक गोष्ट फार आधीपासून माहीत आहे: नजर आणि लक्ष या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वर्गात पोराचे डोळे फळ्यावर असतात आणि लक्ष खिडकीबाहेरच्या चिंचेवर. लग्नघरातली बाई पाहुण्याशी बोलत असते आणि तिचं ध्यान चुलीवरच्या दुधाकडे असतं. जर्मनीत हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात हेच प्रयोगाने दाखवलं. नजर एका बारीक छिद्रावर रोखून ठेवायची, आणि विजेच्या ठिणगीने क्षणभर उजळलेल्या अक्षरांपैकी कुठली वाचायची ते मनाने आधीच ठरवायचं. डोळा न हलवता लक्ष सरकवता येतं, हे त्याने स्वतःवरच अनुभवलं.

तर मग असं आतल्या आत सरकणारं लक्ष बाहेरून कोणाला दिसेल का? २००२मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झियाद हाफेद आणि जेम्स क्लार्क यांनी, आणि पुढच्या वर्षी जर्मनीतल्या पोट्सडॅममध्ये एंगबर्ट आणि क्लीगल यांनी याचं उत्तर शोधलं. माणसाला मधल्या खुणेवर नजर ठेवायला सांगायचं आणि लक्ष डावीकडे की उजवीकडे न्यायचं याचा इशारा द्यायचा. इशारा दिसताच झेपा क्षणभर थंडावतात, मग वाढतात, आणि त्यांची दिशा लक्षाच्या दिशेशी जुळते. नेहमी नाही, पण योगायोग म्हणता येणार नाही इतक्या वेळा.

इथे घाई करायला मला आवडत नाही. झेप लक्षाबरोबर असते म्हणून लक्ष तिच्यामुळेच सरकतं, असं होत नाही. २०१८मध्ये माकडांवरच्या एका अभ्यासात चेतापेशींवर लक्षाचा परिणाम मुख्यतः लक्ष्याकडे झेप गेल्यानंतरच दिसला, आणि अनेकांना वाटलं की दुवा पक्का झाला. २०२२मध्ये क्राउझलिस यांच्या गटाला झेप नसतानाही तोच परिणाम आढळला. त्याच वर्षी माणसांच्या मेंदूलहरींवरच्या एका कामातून दिसलं की नातं आहे, पण ते सक्तीचं नाही. मला हे पटतं. ओल्या मातीत उमटलेलं पाऊल चालणाऱ्याची दिशा सांगतं, पण कोरड्या वाटेवर पाऊल उमटलं नाही म्हणजे कोणी गेलंच नाही असं नव्हे.

आता आजीची सुई. १९७६मध्ये विंटरसन आणि कोलेवाइन यांनी माणसांना खरोखर सुईत दोरा ओवायला लावला, बंदुकीने नेमही धरायला लावला. दोन्ही वेळा झेपा कमी झाल्या. म्हणजे आजीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, नाजूक वेळी डोळा खरोखर शांत होतो. पण २०१०मध्ये बोस्टनमध्ये को, पोलेट्टी आणि रुच्ची यांनी संगणकाच्या पडद्यावर दोरा-सुईचा खेळ मांडला आणि आणखी बारकाईने मोजलं. ज्या काही झेपा होत्या त्या भरकटलेल्या नव्हत्या. त्या दोऱ्याचं टोक आणि सुईचं नेढं यांच्यामध्ये नजर नेमकी पोचवत होत्या, आणि काम कुठवर आलं यानुसार बदलत होत्या. आजी श्वास रोखून बसली की तिचा डोरा दोऱ्यावरून नेढ्याकडे, नेढ्यावरून दोऱ्याकडे येरझारा घालत असणार. तिला स्वतःला ते कधी जाणवलं नाही. कोणालाच जाणवत नाही.

स्थिर प्रतिमा विरून जाते, हे या दिवाळीत स्वतःच करून बघा. रांगोळीच्या मधल्या ठिपक्यावर नजर रोखा. कडेला फिकट, पुसट रंगाचा एखादा ठिपका असू द्या आणि शक्यतो न हलता अर्धा मिनिट तसेच राहा. कडेचा रंग विरत जाईल, जमीन भरून आल्यासारखी दिसेल. १८०४मध्ये स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी हे नोंदवलं होतं. मग पापणी मिटा किंवा नजर जराशी हलवा, रंग परत येईल.