अहवालामागचे अनाम हात

रक्त तपासायला दिले, की हल्ली संगणकावर छापलेला अहवाल हाती येतो. मात्र प्रयोगशाळेची संगणक-प्रणाली एखाद्या कंपनीने मुळापासून लिहिलेली असतेच, असे नाही. आकडेमोड, आलेख, नोंदी साठविणे यांसाठी जगभरच्या जाणकारांनी सर्वांना खुले केलेले तयार भाग तीत वापरतात. त्यांना ‘ओपन सोर्स लायब्ररी’ म्हणतात. त्या बहुधा फुकट मिळतात. पण एमआयटी, बीएसडी अशा परवान्यांची अट असते, की मूळ लेखकाची हक्कसूचना सोबत ठेवावी.

ही श्रेयनामावली केवळ शिष्टाचार नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीत, परक्याला दुरून संगणकाचा ताबा घेता येईल, असा दोष उघडकीस आला. ती आपल्या प्रणालीत आहे काय, हे यादी असेल तरच चटकन कळते. रुग्णांच्या नोंदींची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. अमेरिकेत २०२३ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या मंजुरीसाठी अशी यादी देणे कायद्याने बंधनकारक आहे.

औषधाच्या वेष्टनावर घटक छापतात, तसेच हे. प्रयोगशाळाचालकांनी प्रणाली घेताना विक्रेत्याकडे ही यादी अवश्य मागावी.