चोवीस व्होल्ट आहेत, तरी पोकलेन उठेना

सावनेरच्या एका वाचकाने दोन प्रश्न पाठवले आहेत. त्यांनी सेकंडहँड पोकलेन घेतली. सकाळी गार असताना ती एका चावीत चालू व्हायची, दुपारी उन्हात बंद केली की चावी फिरवूनही सेल्फ हूं की चूं करत नसे. लॅपटॉपवाल्या तरुणाने स्कॅन केलं, कमी व्होल्टेजचे कोड निघाले. मीटर लावला तर सेल्फच्या बारीक वायरीवर पूर्ण 24 व्होल्ट. सेन्सर बदलून झाला, रिले बदलून झाला. शेवटी एका जुन्या वायरमनने त्याच वायरीवर इंडिकेटरचा बल्ब टेकवला. बल्ब मिणमिणला. तो वायर हाताने चाचपत मागे गेला आणि रिलेच्या सॉकेटमधली हिरवी पडलेली पिन त्याला सापडली. मीटरला जे दिसलं नाही ते बल्बला कसं दिसलं, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा, की आता बल्ब लख्ख पेटतो, मग दुपारी सेल्फ अजून जड का फिरतो?

पहिल्याचं उत्तर संत्र्याच्या बागेत आहे. ठिबकच्या फिल्टरला दोन गेज असतात, एक पाणी आत येतं तिथे आणि एक बाहेर पडतं तिथे. पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवले तर फिल्टर कितीही गाळाने भरलेला असो, दोन्ही काटे सारखेच दाब दाखवतात, कारण पाणी हलतच नाही. व्हॉल्व्ह उघडला की दुसरा काटा खाली बसतो. दोन काट्यांमधला फरक बघून शेतकरी ठरवतो की फिल्टर धुवायचा की नाही. एकट्या पहिल्या गेजकडे बघून कुणी फिल्टरची पारख करत नाही. विजेच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोक नेमकं हेच करतात.

डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारण 10 मेगाओहम असतो. 24 व्होल्टवर तो जेमतेम 2.4 मायक्रोअँपिअर प्रवाह ओढतो. हिरव्या पिनेचा रोध 15 ओहम धरला, तर एवढ्याशा प्रवाहाने तिच्यावर 36 मायक्रोव्होल्ट खर्ची पडतात. हा आकडा मीटरच्या पडद्यावर उमटणारही नाही, म्हणून मीटर म्हणतो 24. 21 वॉटचा बल्ब मात्र पाऊण अँपिअरहून जास्त मागतो. तेवढा प्रवाह निघाला की तिसऱ्या हिश्श्याहून अधिक व्होल्टेज त्या पिनेवरच संपतं आणि बल्ब मिणमिणतो. मीटरने वाचलेला आकडा खराच होता. तो वाहत नसलेल्या विजेचा होता, इतकंच.

मग सकाळी मशीन चालू कशी व्हायची? तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. ती बारीक वायर सेल्फच्या सोलेनॉइडला जाते; त्याची 25 अंशांवरची कॉइल इंजिनच्या धगीने 85 अंशांवर गेली की तिचा रोध सुमारे 23 टक्क्यांनी चढतो. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंश म्हणजे सावलीतलं तापमान, बॉनेटखालचं वेगळं. सकाळी जेमतेम भागणारा प्रवाह दुपारी तोकडा पडतो. पिन दोन्ही वेळा तितकीच खराब होती.

आता स्कॅनरबद्दल. 'मशीन स्वतःच आपला आजार सांगते' अशा जाहिरातींवर माझा फारसा विश्वास नाही. कोडचं तंत्र सुंदर आहे यात वाद नाही. पोकलेनमधले बरेचसे दाबाचे सेन्सर 5 व्होल्टवर चालतात, पण त्यांचं काम 0.5 ते 4.5 व्होल्ट एवढ्याच पट्ट्यात होतं. वरचा-खालचा अर्धा अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. खरा दाब शून्य असला तरी सेन्सर 0.5 सांगतो, म्हणजे सरळ 0 आला तर कंट्रोलर ओळखतो की बातमी दाबाची नाही, वायरीची आहे. जे-1939 या प्रमाणित भाषेत शेवटचा आकडा 3 असेल तर व्होल्टेज जास्त, 4 असेल तर कमी. पण कमी का, हे तो सांगत नाही. वायर चेसीला टेकली असेल, पिन सडली असेल, उंदराने कुरतडली असेल. त्यातून तीन-चार सेन्सरना 5 व्होल्ट एकाच वायरीने जात असतील तर एक सेन्सर शॉर्ट झाला की बाकीचे निर्दोष सेन्सरही कोड टाकतात. पडद्यावरचं पहिलं नाव वाचून सुटा भाग मागवणारा माणूस दुकानदाराचा फायदा करतो.

सगळे कंट्रोलर ज्या दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात ती 'कॅन' पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडली. तिच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन वायरींमध्ये मोजलं तर 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एका बाजूचा रोधक किंवा वायर तुटलेली, शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना भिडलेल्या. लाखो संदेशांची वर्दळ असलेल्या या रस्त्याची पहिली तपासणी आजही बारावीच्या गणिताने होते.

बारावीचा विषय निघालाच आहे तर व्हीटस्टनच्या सेतूकडे वळतो, कारण इथे एका माणसावर अन्याय झाला आहे. चार रोध चौकटीत मांडायचे आणि मधल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, ही मांडणी सॅम्युअल हंटर क्रिस्टी यांनी 1833 मध्ये प्रसिद्ध केली. ते वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवायचे आणि वेगवेगळ्या धातूंची वाहकता ताडून पाहत होते. दहा वर्षांनी, 1843 मध्ये, चार्ल्स व्हीटस्टन यांनी तिचा उपयोग रोध मोजायला किती चांगला होतो ते दाखवलं आणि कल्पना क्रिस्टींची असल्याचं स्वच्छ नमूदही केलं. जगाने ती नोंद वाचली नाही. पाठ्यपुस्तकात, प्रयोगवहीत, तोंडी परीक्षेत, सगळीकडे व्हीटस्टन.

या मांडणीची खुबी अशी, की काटा शून्यावर आला म्हणजे मीटरमधून प्रवाह जातच नाही, त्यामुळे मीटरच्या स्वतःच्या रोधाची भानगड उरत नाही. तारायंत्राच्या काळात हे वरदान ठरलं. जमिनीखालची किंवा समुद्रातली केबल कुठे तरी गळते आहे, पण कुठे? दूरच्या टोकाला तिची एका चांगल्या तारेशी गाठ मारायची, कचेरीत बसून सेतू समतोल करायचा, आणि रोधांच्या गुणोत्तरावरून बिघाडाचं अंतर काढायचं. मरे लूप नावाची ही चाचणी केबलवाले अजून करतात. आणि क्रिस्टींची चौकट आज पोकलेनच्या पोटातही आहे. हायड्रॉलिक दाबाच्या अनेक सेन्सरमध्ये पातळ पडद्यावर चार रोध याच आकारात बसवलेले असतात. दाबाने पडदा वाकतो, समतोल किंचित ढळतो, आणि बूम किती जोर लावते आहे ते कंट्रोलरला कळतं.

वायरमनच्या बल्बचं कौतुक करताना दोन ठिकाणी मात्र तो खिशातच ठेवायला हवा. एक, सेन्सरच्या 5 व्होल्टच्या वायरी. तिथली वीज कंट्रोलरच्या आतून येते आणि ती मिलिअँपिअरच्या हिशेबात असते. बल्ब टेकवला तर कंट्रोलरच जायचा. दुसरी जागा सावनेरकरांच्या पायाखालीच आहे. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) इथल्या काही खाणी भूमिगत आहेत. कोळशाच्या थरातून मिथेन निघू शकतो, आणि हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला मिथेन पेटायला 0.28 मिलिजूल ऊर्जा पुरते. 21 वॉटचा बल्ब एवढी ऊर्जा सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास खाऊन टाकतो. म्हणून तिथे ठिणगीत पेटण्याइतकी ऊर्जा उरणारच नाही अशा बेताने बनवलेली उपकरणं लागतात, आणि वायरी टेकवून बघण्याची सवय माणसाला वरच ठेवून जावी लागते.

राहिला दुसरा प्रश्न. बल्ब लख्ख पेटतो, तरी सेल्फ जड. इथे बल्बही फसतो. तो एक अँपिअरसुद्धा मागत नाही, सेल्फ चारशे मागतो. जाड केबलच्या सांध्यात 0.01 ओहम रोध असला तर बल्बच्या प्रवाहात तो कळणारही नाही, पण 400 अँपिअरला तिथेच 4 व्होल्ट जातात आणि 1600 वॉटची उष्णता निघते. सेल्फ मारल्यावर एखादा बोल्ट चटका देत असेल तर तोच गुन्हेगार. हात भाजायचा नसेल तर बाजूला ठेवलेला मीटर आता परत घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरा आणि हेल्परला सेल्फ मारायला सांगा. हे फिल्टरचे दोन गेजच झाले. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवलं तर अर्थ ठीक आहे, मग तशीच मोजणी पॉझिटिव्ह केबलवर करा. दोन-तीन व्होल्ट दाखवले तर अर्थचा पट्टा सोडवा. मशीन सेकंडहँड आहे असं तुम्ही लिहिलं आहे. विकण्याआधी अशा मशीनला झकास पिवळा रंग मारतात, आणि घाईत तो अर्थच्या बोल्टखालीही जातो. चेसीवरची ती जागा चकचकीत होईपर्यंत घासा, पट्टा घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा आणि भर दुपारी पुन्हा मोजा.