विंग लागते तेव्हा

वैमानिक म्हटला की तो हवाई दलाचाच असणार, अशी आपल्याकडील चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींचीही दृढ समजूत असल्यामुळे, तोफखान्यात कॅप्टन असलेले माझे यजमान हेलिकॉप्टर शिकण्यासाठी नाशिक रोडला रुजू झाले, तेव्हा त्यांनी खाते बदललेले नाही हे नातेवाइकांस पटवून देणे हेच माझे पहिले काम होऊन बसले. वस्तुतः भूसेनेला वैमानिकांची गरज प्रथम भासली ती तोफखान्यामुळेच. डोंगरापलीकडे गोळा नेमका कोठे पडला हे तोफेजवळच्या माणसास दिसत नाही; म्हणून तोफखान्याचेच अधिकारी ऑस्टर आणि पुढे कृषक या हलक्या विमानांतून वर जाऊन माऱ्याची दुरुस्ती सांगत. या ‘एअर ओ.पी.’च्या परंपरेतून १ नोव्हेंबर १९८६ रोजी आर्मी एव्हिएशन कोअर हे स्वतंत्र दल उभे राहिले, आणि २००३ पासून त्याची तालीमशाळा नाशिक रोडच्या गांधीनगर धावपट्टीवर आहे.

येथे येणारा विद्यार्थी हा मिसरूड न फुटलेला पोरगा नसतो. इतर शाखांत काही वर्षे चाकरी केलेला, जवानांवर हुकूम चालविण्याची सवय जडलेला, पुष्कळदा लग्न झालेला असा तो अधिकारी असतो, आणि त्याला पुन्हा वही-पेन्सिल घेऊन पहिल्या बाकावर बसावे लागते. त्यातही निवडीची अभियोग्यता-चाचणी जन्मात एकदाच देता येत असल्यामुळे, येथवर येऊन परत पाठविले जाण्याची धास्ती असतेच; ती कोणी बोलून दाखवीत नाही, इतकेच.

हेलिकॉप्टर पुढे नेण्यापेक्षा ते एका जागी थांबविणे अधिक कठीण, ही गोष्ट मला आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात समजली. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीपाशी ओढून, दोन गुडघ्यांमध्ये लाटणे उभे धरून आणि डाव्या हाताखाली छत्री आडवी घेऊन यजमान रोज संध्याकाळी बसत. लाटणे म्हणजे दिशा देणारा सायक्लिक, छत्री म्हणजे वर उचलणारा कलेक्टिव्ह, आणि फरशीवरच्या दोन सपाता म्हणजे पेडल. येथील तालमीची चेतक आणि चीता ही दोन्ही हेलिकॉप्टरे म्हणजे मूळची फ्रेंच यंत्रे. त्यांची मुख्य पाती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. म्हणून कलेक्टिव्ह वर घेतला की यंत्राचे नाक डावीकडे वळू लागते आणि उजवा पाय दाबावा लागतो; पाय दाबला की शेपटीच्या पंख्याचा जोर बदलून यंत्र बाजूला सरकते; ते सायक्लिकने सावरावे तर उंची किंचित ढळते; आणि उंचीसाठी पुन्हा छत्रीच. हे चक्र कोठेच संपत नाही. ते फक्त इतके सूक्ष्म होत जाते की पाहणाऱ्यास यंत्र स्थिर वाटावे. प्रारंभी यजमानांचे ओठ हलत, मग केवळ हात हलू लागले, आणि एका रात्री झोपेत त्यांचा उजवा पाय ताठ झालेला पाहून मी मनाशी म्हटले की आता जमले.

माझ्याकडे परीक्षकाचे काम होते. आणीबाणीच्या कृतींचे पुस्तक हाती घेऊन, भाजी निवडता निवडता, मी मध्येच “अहो, इंजिन बंद!” असे म्हणायचे आणि त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पाठ म्हणायचा. पहिली कृती एकच: कलेक्टिव्ह खाली. मग खालून येणारी हवाच पात्यांना फिरवीत ठेवते आणि जमिनीजवळ येताच त्या साठलेल्या गतीचा एकदाच उपयोग करून उतरायचे असते. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. या विद्येवर माझा विश्वास बसावा म्हणून यजमानांनी मला झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाची हकीकत सांगितली. चीताचे मूळ रूप असलेल्या ‘लामा’तून २१ जून १९७२ रोजी त्याने १२,४४२ मीटर उंची गाठली, तेथे इंजिन विझले, आणि तो केवळ फिरत्या पात्यांच्या आधारे जमिनीवर सुखरूप उतरला. माझी भीती याने गेली असे नाही. पण तिला करण्यासारखे काही काम मिळाले.

या तालमीचा घरावर होणारा परिणाम कोणी लिहून ठेवलेला नाही. पूर्वी पाकीट आणि किल्ल्या कोठेही टाकणारा हा गृहस्थ आता गॅसचा खटका बंद करताना “बंद” असे मोठ्याने म्हणतो आणि दाराचे कुलूप ओढून पाहतो. पदवीदान समारंभातील भाषणांत साहसाचा गौरव होतो, तो व्हावाही. परंतु मी जवळून पाहिली ती पहाटेच्या शांत हवेसाठी अंधारात उठण्याची, उतरल्यावर प्रशिक्षकाने काढलेली प्रत्येक चूक वहीत उतरविण्याची आणि तीच गोष्ट निमूटपणे पुन्हा करण्याची वृत्ती होती, आणि माझ्या मते विंग, म्हणजे वैमानिकाचा छातीवरचा बिल्ला, तिलाच मिळते.

समारंभ इतमामाने झाला. चीता, चेतक आणि ध्रुव डोक्यावरून गेले, वरिष्ठांच्या हस्ते एकेकाच्या छातीवर डाव्या बाजूस विंग लागली. २०२२ च्या मे महिन्यात याच संस्थेतून कॅप्टन अभिलाषा बराक या सैन्याच्या पहिल्या महिला लढाऊ हवाई अधिकारी म्हणून बाहेर पडल्या. तेव्हापासून कुटुंबीयांच्या खुर्च्यांत फक्त पत्नीच बसतील असे धरून चालण्याचे कारण उरलेले नाही. मी टाळ्या वाजविल्या, डोळे पुसले, आणि चहाच्या वेळी ती विंग तिरपी लागली आहे असे वाटून ती सरळही केली. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी बेसनाचे लाडू प्रशिक्षकांस स्वहस्ते वाटले आणि “आता तरी हा वेळेवर जेवायला येईल ना?” असे त्यांतील एकास विचारून त्याला मोठ्या पेचात टाकले.

खरा जबाब बदलीच्या हुकुमात होता. विंग लागली तरी स्क्वाड्रनमध्ये गेल्यावर माणूस पुन्हा सहवैमानिकच, आणि यजमानांची नेमणूक उत्तरेकडील पहाडांत झालेली, जेथे हवा विरळ असल्यामुळे चीतासारख्या यंत्रालाही किती वजन घ्यायचे याचा प्रत्येक उड्डाणाआधी हिशेब करावा लागतो. कुटुंबास तेथे राहण्याची मुभा नाही. काळ्या पेट्यांवर नवा पत्ता पांढऱ्या रंगाने लिहून झाला, मुलीचा शाळेचा दाखला काढला, आणि आणीबाणीचे पुस्तक कोणत्या पेटीत ठेवू म्हणून मी विचारले, तेव्हा यजमान म्हणाले की ते बरोबरच राहू दे, आणि रोज रात्री फोनवर मधूनच काहीतरी विचारीत जा.